नुसतं पडून असताना

संध्याकाळची गाडी निघून गेली की कर्नाटकाच्या सीमेजवळच्या दुधनी स्टेशनचा फलाट रिकामा होतो. तिथल्या बाकावर बसलोय, असं मनाशी धरा. चपला काढून ठेवा. दिवसभर तापलेल्या फरशीची ऊब तळव्यांना लागू द्या.

आता उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावा. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. मग उलटं. सावकाश. हे चाललेलं असताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, हात हलवणारा पट्टा कामाला लागलेला असतो आणि तिकडे जास्त रक्त धावतं. प्राणवायू भरलेलं रक्त आणि प्राणवायू देऊन टाकलेलं रक्त चुंबकापुढे वेगवेगळं वागतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हा फरक एमआरआयवर टिपला. एमआरआयने, कवटी न उघडता, काम करणारा मेंदू पाहायची वाट तिथून मोकळी झाली.

बोटं थांबवा. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. काही करू नका.

माझ्या वडिलांना एकदा सोलापुरात एमआरआयला नेलं होतं. सारं आयुष्य अडतीत गेलेलं, तळहाताच्या रेषांमध्ये तुरीची धूळ धुऊनही राहिलेली. नळीत ठकठक, घरघर, मधेच कर्कश भोंग्यासारखा आवाज, आणि हलायचं नाही अशी ताकीद. बाहेर आले तेव्हा चेहरा ओशाळलेला होता. म्हणाले, “मी काय केलो नाही बघ, नुसतं पडून होतो.” त्या तपासणीत फक्त मेंदूची रचना पाहायची होती, त्यांनी काही करण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पुढे भारत बिस्वाल यांच्या कामाबद्दल वाचलं तेव्हा तेच पहिलं आठवलं.

श्वास येतोय, जातोय. त्याला हात लावू नका.

बिस्वाल तेव्हा अमेरिकेत मिलवॉकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. एमआरआयच्या नोंदीत जो गोंगाट मिसळतो तो ओळखून कसा काढायचा, हा त्यांचा विषय. माणसं नळीत निवांत पडलेली, बोटही हलत नाही. तरी हात हलवणाऱ्या डाव्या पट्ट्यातली नोंद हळूहळू वर-खाली होत होती, आणि तिच्या जोडीने उजव्या पट्ट्यातलीही. एकेक लाट दहा सेकंदांहून लांब. हात शांत, आणि त्या हातांचे मेंदूतले दोन भाग एका लयीत. हे १९९५ मध्ये छापून आलं. श्वासाचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा परिणाम असेल, अशी शंका पुढे बराच काळ घेतली गेली. २०१० मध्ये त्यांनी इतरांसह ३५ केंद्रांवरच्या १,४१४ माणसांच्या अशा निवांत नोंदी एकत्र करून सर्वांसाठी खुल्या केल्या.

एखाद्याने पुसायला घेतलेली गोष्ट न पुसता तिच्याकडे पाहत राहावं, याचं मला फार अप्रूप आहे. नवं यंत्र बनवण्याइतकंच मोठं काम मी ते मानतो.

पुन्हा हातांकडे या. मेंदूचं वजन शरीराच्या शंभरात दोन भाग, पण शरीराच्या खर्चातला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. बोटं हलवली म्हणून त्यात फारशी भर पडत नाही. आत्ता, तुम्ही काहीच करत नसताना, तो खर्च चालूच आहे. वडील असते तर त्यांना हे सांगितलं असतं. रिकामे नव्हता हो तुम्ही, अप्पा.

रुळांची बारीक थरथर आता बाकापर्यंत येतेय. मालगाडी असावी. येऊ द्या. सगळे डबे जाऊ द्या, मोजू नका. ती गेल्यावर कुणीतरी जवळ येऊन गाडी कधी आहे म्हणून कन्नडात विचारेल. उत्तर मराठीत द्यायचं की कन्नडात, हे आधी ठरवून ठेवू नका. हात मांडीवरच असू द्या.