अक्कलदाढ आणि सज्ञानता

जबड्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, वर दोन व खाली दोन अशा ज्या चार दाढा सर्वांच्या शेवटी उगवतात, त्यांस आपण अक्कलदाढा म्हणतो. लॅटिन व अरबी या भाषांतही त्यांचा संबंध शहाणपणाशीच जोडलेला आहे. या दाढा साधारणतः १७ ते २५ या वयात केव्हातरी वर येतात, आणि मनुष्य जाणता होण्याचा काळही तोच, एवढ्यावरून हे नाव पडले. दाढेचा व अकलेचा याहून निकट संबंध नाही, हे निराळे सांगावयास नको. कित्येकांस चारही दाढा येत नाहीत, म्हणून कोणी त्यांस कमी शहाणे समजत नाही. तथापि या योगायोगाच्या नावात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पुष्कळांच्या जबड्यात या शेवटच्या पाहुण्यांस पुरेशी जागाच उरलेली नसते. मग दाढ तिरपी येते, आडवी पडते, किंवा हाडात अर्धीमुर्धी रुतून बसते. तिच्यावरील हिरडीच्या पदराखाली अन्नकण साचतात, सूज येते, प्रसंगी पू होतो, आणि शेजारची चांगली दाढही किडू लागते. दंतवैद्य दाढ काढण्याचा सल्ला देतात. येथवर प्रश्न वैद्यकाचा आहे. पुढे जे घडते ते मात्र आपल्या सुशिक्षित घरांतून नित्य पाहावयास मिळते. वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसलेली असते, आणि आई आत जाऊन डॉक्टरांस हळूच सांगते, “तिला काही सांगू नका हो, उगीच घाबरेल.” डॉक्टरही भले गृहस्थ असतात. ते हसून म्हणतात, “काही नाही, मुंगी चावल्यासारखे वाटेल, झाले!” मायेपोटी बोललेले हे असत्य धर्म्य की अधर्म्य, हा आमचा प्रश्न आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. भय हीच एक वेदना आहे. जी वेदना टळणारी नाही तिच्यावर भयाची आणखी एक वेदना कशाला लादावी, असे कोणी विचारल्यास त्याला निर्दय म्हणता येणार नाही. प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथात असत्याला औषधाची उपमा देऊन ते वैद्यासारख्या जाणकाराच्या हाती असावे असे सुचविले आहे. १८०३ साली इंग्लंडात टॉमस पर्सिव्हलने वैद्यांच्या नीतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यातही रोग्याच्या मनाला धक्का बसेल असे सत्य प्रसंगी झाकण्यास मुभा आहे. आणि आपल्याकडे तर अप्रिय सत्य बोलू नये, हे मनुस्मृतीतील वचन लहान मुलांसही ठाऊक असते. मात्र प्रिय वाटणारे असत्यही बोलू नये, अशी जोड त्याच वचनात लगोलग दिलेली आहे. वचनाचा पूर्वार्ध आपण सोयीने पाठ केला आणि उत्तरार्ध सोयीने विसरलो.

परंतु केवळ वचनाने वाद मिटत नाही. प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. प्रथम हिरडीत सुई टोचली जाते, आणि ती टोचताना क्षणभर कळ येते. थोड्या वेळाने ओठ, गाल किंवा अर्धी जीभ जड होते. या औषधाने वेदना थांबते, दाब थांबत नाही. डॉक्टर दाढ हलवू लागले की जबडा कोणीतरी रेटीत आहे असे स्पष्ट जाणवते. दाढ रुतलेली असेल तर हिरडीला छेद द्यावा लागतो, थोडे हाड कोरावे लागते, कधी दाढेचे दोन-तीन तुकडे करावे लागतात. त्या यंत्राचा आवाज जबड्याच्या हाडातूनच कानी पोहोचत असल्याने फार मोठा वाटतो. ज्याला ‘काहीच कळणार नाही’ असे सांगितले आहे, तो पहिला रेटा जाणवताच भूल उतरली असे समजून गर्भगळित होतो. ज्याला ‘दाब कळेल, आवाज येईल, पण दुखणार नाही, दुखलेच तर डावा हात वर कर, आम्ही थांबू’ असे सांगितले आहे, तो दाब कोणता व दुखणे कोणते याचा विवेक करू शकतो. पहिला भीतीच्या स्वाधीन झालेला असतो. दुसऱ्याच्या हाती निदान स्वतःचा डावा हात तरी असतो.

दाढ निघाल्यावरची कथा याहून लांब आहे. जखमेवर ठेवलेली कापडाची घडी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावी लागते. दिवसभर थुंकी तांबूस येते. सूज पहिल्या सायंकाळी थोडी असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत अधिक होते, मग ओसरू लागते. तोंड काही दिवस पुरते उघडत नाही. मऊ भात, पेज, गार दूध यांवर भागवावे लागते. दाढेच्या खळग्यात रक्ताची जी गुठळी धरते ती निसर्गाने बांधलेली पट्टीच होय. तिला धक्का लागू नये म्हणून पहिल्या दिवशी जोराने चुळा भरू नयेत. जोराने थुंकणे, नळीने पेय ओढणे आणि विडी-सिगारेट-तंबाखू ही काही दिवस वर्ज्य करावीत. एक दिवस उलटल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच तोंड धुवावे. गुठळी निसटली तर खळगा उघडा पडतो, आणि कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढून कानापर्यंत ठणकू लागते. त्यावर डॉक्टरांकडे इलाज असतो. ताप चढला, सूज ओसरण्याऐवजी वाढत गेली, गिळण्यास वा श्वास घेण्यास अडचण पडू लागली, तर मात्र घटकाभरही थांबू नये. खालच्या दाढेच्या मुळाजवळून एक मज्जातंतू जातो. त्याला इजा झाल्यास खालचा ओठ व हनुवटी यांना काही आठवडे वा महिने बधिरता राहते, आणि क्वचित ती कायमचीही ठरते. जिभेच्या तंतूविषयीही तेच.

एवढे सांगितल्याने कोण भिईल, असा प्रश्न नसून, न सांगितल्याने काय होते हा प्रश्न आहे. प्रिय असत्याचे आयुष्य फार तर तीन दिवसांचे असते. आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी दाढ काढल्यावर आठवड्याने वर्गात आली. प्रकृतीची विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, “सर, दुखले त्याचे काही नाही. गाल सुजणार हे घरात सगळ्यांना माहीत होते, मला एकटीलाच नव्हते, याचे वाईट वाटले.” या मुलीला वेदनेने दुखविले नव्हते, आपल्याच बाबतीतील गोष्टीतून आपणांस वगळले गेले, याने ती दुखावली होती.

अनुभवही याच बाजूने बोलतो. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरची भूल जगापुढे यशस्वी करून दाखविली. त्याच रुग्णालयात भूलतज्ज्ञांनी केलेला एक प्रयोग १९६४ साली प्रसिद्ध झाला. पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रोग्यांपैकी काहींस, नंतर कोठे व किती दुखेल, ते का दुखते आणि ते सोसण्यास काय करावे, हे आधी नीट समजावून सांगितले. इतरांस तसे सांगितले नाही. ज्यांस सांगितले त्यांस वेदनाशामक अफूजन्य औषध जवळजवळ निम्मेच लागले, आणि ते घरीही लवकर गेले. सत्य हेही औषधाचे काम करते, असा याचा अर्थ. प्लेटोच्या उपमेला याहून समर्पक उत्तर कोणते असणार?

आता सत्य किती सांगावे, हा प्रश्न उरतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला की, उपचाराचे स्वरूप, त्याचे लाभ, त्यातील धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम हे रोग्यास पुरेसे सांगून मगच त्याची संमती घेतली पाहिजे. मात्र अतिदूरचे प्रत्येक संकट त्याच्यापुढे मांडलेच पाहिजे असे नाही. ही मर्यादा आम्हांस सुज्ञपणाची वाटते. यातील ‘दुसरे पर्याय’ हे शब्द विशेष लक्षात ठेवावे. प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. जिला कसलाही रोग नाही अशी रुतलेली दाढ केवळ पुढच्या भीतीने काढू नये, असा सल्ला इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २००० साली दिला. तेव्हा ‘नाही काढली तर काय होईल?’ हा प्रश्न रोग्याने विचारावा, आणि त्याचे सरळ उत्तर त्याला मिळावे. ‘मला काही सांगू नका, तुम्हांला योग्य वाटेल ते करा’ असे म्हणणारी भित्री माणसेही असतात. त्यांच्यावर तपशिलांचा मारा करणे हीही एक क्रूरताच. परंतु जाणून घेण्याचा हक्क ज्याचा त्याने सोडावयाचा असतो. दुसऱ्याने तो त्याच्या वतीने परस्पर सोडून देणे हे निराळे.

आमच्या भाषेत कायद्याने वयात आलेल्या मनुष्यास सज्ञान म्हणतात व न आलेल्यास अज्ञान. १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाकडून आपण संमतिपत्रावर सही घेतो ती तो सज्ञान आहे म्हणून, आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या जबड्यात काय होणार याविषयी त्याला अज्ञान ठेवतो. ही विसंगती क्षुल्लक नाही. दाढेचे दुखणे आठवड्याभरात सरते, परंतु त्या आठवड्यात घरच्यांच्या शब्दाची किंमत मुलाच्या मनात ठरून जाते. पुढे कधीतरी खरोखरीचे मोठे आजारपण घरात येईल. तेव्हा ‘घाबरू नकोस, यातून बरे होता येते’ हे आईचे वाक्य अक्षरशः खरे असेल, आणि ते खरे आहे असे मुलाला वाटणे फार आवश्यक असेल. लहान दुखण्यात जिने खरे सांगितले, तिचाच धीर मोठ्या दुखण्यात उपयोगी पडतो. म्हणून आईने डॉक्टरांच्या कानाशी जाण्याऐवजी बाकावर मुलीच्या शेजारी बसावे, काय होणार ते तिला शांतपणे सांगावे, आणि तिचा हात धरावा.