वाचक : वाहक की साक्षीदार?

आधुनिक समीक्षाविचार वाचकाकडे प्रामुख्याने अर्थनिर्णेता म्हणून पाहतो. वोल्फगांग इझर यांचा ‘अभिप्रेत वाचक’ संहितेतील रिकाम्या जागा भरतो. रोलां बार्त यांनी तर १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित करून अर्थाचा अधिकार वाचकाकडे सोपवला. या दोन्ही मांडण्यांतील वाचक मात्र एकटा आहे : त्याच्यासमोर संहिता आहे, शेजारी दुसरा वाचक नाही. प्रत्यक्ष वाङ्मयव्यवहारात वाचक वाचलेले दुसऱ्याला सांगतो, आणि लेखक या सांगण्यावरच विसंबून असतो. हे विसंबणे केवळ ग्रंथप्रसाराच्या सोयीचे मानले, तर त्यातील नैतिक प्रश्न निसटतो. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडी देणारा लेखक त्याच्याकडून काय मागतो, आणि त्या बदल्यात कशावरचा हक्क सोडतो?

मराठी परंपरेत या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे सापडतात. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या. पुढे परचक्रात मूळ पोथी नष्ट झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. ग्रंथ वाचकांमुळे वाचला, पण त्याबरोबर पाठभेदही आले. नंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले. शब्द सुरक्षित राहिला, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा करेपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला तो जवळजवळ अप्राप्य होता. वारकरी परंपरेने याउलट मार्ग स्वीकारला. तुकोबांचे अभंग टाळकऱ्यांच्या व कीर्तनकारांच्या मुखातून गावोगाव गेले. १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत निघालेल्या सरकारी आवृत्तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आले. त्यांतील प्रक्षिप्त कोणते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शब्द जितक्या मुखांतून जातो, तितका त्यावरील कर्त्याचा ताबा सुटत जातो. प्रसार आणि पाठशुद्धी यांतील ताण कोणत्याही लेखकाला पूर्णपणे चुकवता येत नाही.

परंतु ताबा सुटल्यावर शब्दामागे उभे कोण राहते? या संदर्भात शिऊरच्या संत बहिणाबाईंचे उदाहरण बोलके आहे. तुकोबांची भेट होण्यापूर्वीच कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांची पदे ऐकली. तुकोबांना या श्रोतीची वार्ताही नव्हती. त्यांच्या आणि तिच्या दरम्यान एक तिसरा माणूस होता, आणि त्याने ती पदे स्वतःच्या कीर्तनाची प्रतिष्ठा पणाला लावून गायिली. ऐकणाऱ्या ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या कवीला गुरू मानले, त्याबद्दल पतीचा रोष व मारहाण सोसली. हे तिने आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत नोंदवले आहे. येथे पदे सांगणे म्हणजे निरोप्याचे काम उरत नाही. ती साक्ष होते, आणि साक्ष देणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते.

भक्तिपरंपरेतील श्रद्धेचे हे उदाहरण लौकिक वाङ्मयाला लागू पडणार नाही, असा आक्षेप घेता येईल. म्हणून जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ विचारात घ्यावा. १८८३ मध्ये लिहिलेल्या या ग्रंथाचे भाग जोतीरावांनी मुंबई, पुणे, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांसमोर वाचले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनाही ते ऐकवले. ज्यांच्याविषयी ग्रंथ आहे, त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे श्रोत्याने पुढे सांगितले, तरच ग्रंथ शेतापर्यंत पोहोचणार होता. मात्र ‘दीनबंधु’मध्ये पहिली दोन प्रकरणे छापल्यावर त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढील भाग छापण्याचे थांबवले. हा नकार परक्याचा नव्हता. तो सत्यशोधक चळवळीतीलच सहकाऱ्याचा होता. जोतीरावांना तो बोचला, आणि इतिहासानेही त्यांचीच बाजू घेतली. तरीही तात्त्विक दृष्ट्या त्या नकाराचा हक्क मान्य करावाच लागतो. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला साक्षीचे मोल नसते. लोखंडे थांबवू शकत होते, म्हणूनच त्यांनी छापलेल्या दोन प्रकरणांना छापखान्याच्या कामापलीकडे काही अर्थ होता.

लेखक आणि त्याचा शब्द पुढे नेणारा वाचक यांच्या नात्याचा निकष येथे हाती लागतो. वाचकाच्या निर्णयशक्तीला आवाहन करून तो गप्प बसण्याची शक्यताही स्वीकारणारा लेखक वाचकाला साक्षीदार मानतो. स्नेह, उपकार किंवा गटनिष्ठा यांच्या बळावर शिफारस मिळवणारा लेखक त्याला भाट बनवतो. दुसऱ्या प्रकारात फसवणूक तिसऱ्याचीच होते, कारण त्या शिफारशीवर विश्वासून ग्रंथ हाती घेणाऱ्या अनोळखी वाचकाला होकारामागची भीड दिसत नाही. प्रकाशनसमारंभांतील भाषणे, मित्रांनी लिहिलेली परीक्षणे आणि मागून घेतलेल्या प्रस्तावना यांनी मराठी वाङ्मयव्यवहारात स्तुतीचे चलन फार स्वस्त केले आहे. त्याची खरी झळ चांगल्या ग्रंथालाच बसते, कारण त्याच्या बाजूने दिलेली खरी साक्षही त्या गर्दीत खोट्या साक्षींच्याच भावाने मोजली जाते.

जबाबदारी अर्थात एकतर्फी नाही. भिडेने दिलेला होकार जसा दोषास्पद, तसेच मनापासून पटलेल्या ग्रंथाविषयी बाळगलेले मौनही निर्दोष म्हणता येत नाही. जयरामस्वामींनी ती पदे गायिलीच नसती, तर कोणावर अन्याय झाला असता? तुकोबांवर होण्यापूर्वी तो श्रोत्यांत बसलेल्या त्या मुलीवर झाला असता.