तीन टक्के कशाचे?

‘2024 वायआर4’ नावाचा लघुग्रह 22 डिसेंबर 2032 रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता 18 फेब्रुवारी 2025 ला 3.1 टक्क्यांवर गेली आणि पुढच्या काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. आघाताचा जो संभाव्य पट्टा तेव्हा आखला गेला होता, तो पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत पोचत होता. त्यात मुंबई होती, म्हणून आपल्याकडे हा विषय घरोघरी गेला. टक्का उतरल्यावर सूरही बदलला. ‘शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवलं’ असं म्हणणाऱ्यांत शिकलेली माणसं कमी नव्हती. हे वाक्य मला अस्वस्थ करतं. 13 एप्रिल 2029 ला अपोफिस हा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह भूस्थिर उपग्रहांच्याही अलीकडून, जमिनीपासून सुमारे 32 हजार किलोमीटरवरून जाईल, तेव्हा ते पुन्हा ऐकावं लागणार आहे.

ते 3.1 टक्के मुळात कशाचे होते? त्या दगडाची वाट ठरलेली आहे. सूर्य आणि ग्रह त्याला जिकडे ओढतात तिकडे तो जातो, फेब्रुवारीत त्याने काहीही बदललेलं नाही. बदलत होतं ते आपलं मोजमाप. चिलीतल्या ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणीला तो 27 डिसेंबर 2024 ला दिसला. हाती होता तो काही आठवड्यांचा मार्ग, आणि त्यावरून आठ वर्षांनंतरची जागा सांगायची होती. टप्पा पडल्यावर चेंडू जेमतेम वीतभर दिसावा आणि तेवढ्यावर तो यष्टीला लागेल की नाही हे पंचाला सांगावं लागावं, असं ते काम आहे. म्हणून शास्त्रज्ञ एक जागा सांगत नाहीत, त्या दिवशी दगड कुठे कुठे असू शकेल याची एक लांबलचक रेघ सांगतात. निरीक्षणं वाढतात तशी रेघ आखूड होते. पृथ्वी तिच्या आत असेपर्यंत रेघेतला तिचा वाटा वाढत जातो, म्हणजे टक्का चढतो. मग पुढच्या एखाद्या निरीक्षणाने रेघेचं टोक पृथ्वीच्या अलीकडेच संपतं आणि टक्का कोसळतो. आधी चढणं आणि मग कोसळणं हा एकाच गणिताचा ठरलेला क्रम आहे. त्यात कुणी शब्द फिरवलेला नाही.

या विषयावरची काही मतं एका ओळीत बाजूला ठेवता येतात. पत्रिका मांडून 2032 चं भविष्य सांगणाऱ्यांशी वाद घालण्याजोगं काही नाही. ‘इथे पाण्याचे प्रश्न असताना आकाशाकडे कशाला बघायचं’ हा सवाल मनापासून विचारलेला असला, तरी लघुग्रहांचा शोध थांबवल्याने कुठल्याही गावाला टँकर मिळत नाही.

तिसरं मत मात्र सोडून देता येत नाही, कारण ते जबाबदार माणसांचं आहे. ते म्हणतात, खात्री होईपर्यंत बोलू नका. आपला समाज लवकर पेट घेतो. 1962 च्या अष्टग्रही युतीची घबराट आठवा, 1979 मध्ये कोसळणाऱ्या स्कायलॅब या अवकाशस्थानकाची आठवा. मग तीन टक्क्यांसाठी कोट्यवधी लोकांची झोप का उडवायची?

हे मत मी बराच काळ मनात घोळवलं आहे आणि दर वेळी ते मला अधिक घातक वाटलं आहे. 1962 ची भीती खगोलशास्त्रज्ञांच्या आकड्यांतून आली नव्हती, ती ज्योतिष्यांच्या भाकितांतून आली होती. म्हणजे आकडा सांगितल्याने लोक घाबरतात याचा पुरावा म्हणून ती चालत नाही. उलट 2025 मध्ये आकडा रोज जाहीर होत होता, पट्ट्यात मुंबईचं नाव होतं, आणि मुंबई रोजच्यासारखी कामावर गेली.

दुसरं असं, की खात्री बोलण्यातूनच होते. 11 मार्च 1998 ला ‘1997 एक्सएफ11’ हा लघुग्रह 2028 मध्ये पृथ्वीच्या फार जवळून जाईल आणि आदळण्याची शक्यताही नाकारता येत नाही, असं जाहीर झालं. ती वार्ता ऐकून संशोधकांनी जुन्या फोटोप्लेटा उघडल्या. 1990 मध्ये टिपलेला तोच लघुग्रह सापडला, आणि दुसऱ्याच दिवशी तो साडेनऊ लाख किलोमीटरवरून जाणार हे नक्की झालं. बातमी दाबली असती तर त्या प्लेटा त्याच दिवशी कुणी कशाला उघडल्या असत्या?

तिसरी गोष्ट वेळेची. वायआर4 2025 च्या वसंतानंतर जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसेनासा होणार होता, तो पुन्हा दिसणार 2028 मध्ये. शंका तोवर मिटली नसती आणि आपण खात्रीची वाट पाहत गप्प बसलो असतो, तर यान बांधायला आणि तिथवर पोचवायला उरली असती फक्त चार वर्षं. 26 सप्टेंबर 2022 ला ‘डार्ट’ यानाने मोठ्या जोडीदाराभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फोस या लघुग्रहावर धडक मारली आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटवला. दगड ढकलता येतो हे तेव्हा सिद्ध झालं. पण तो आधी ढकलावा लागतो. वायआर4 सुमारे साठ मीटरचा आहे. 1908 मध्ये सायबेरियातल्या तुंगुस्कात फुटलेला पिंड साधारण याच मापाचा मानला जातो, आणि त्याने दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवं केलं होतं. बृहन्मुंबई सगळी मिळून सहाशे चौरस किलोमीटर आहे. अशा प्रश्नात तीन टक्के ही गप्प बसण्याची नव्हे, कामाला लागण्याची पातळी आहे.

अपोफिसचीच गोष्ट घ्या. 27 डिसेंबर 2004 ला त्याची शक्यता 2.7 टक्क्यांवर गेली होती, तीही जाहीरपणे. जगाचं लक्ष तिकडे गेलं नाही, कारण आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी आली होती. प्रशांत महासागरात इशारा देणारी यंत्रणा तेव्हा होती, आपल्या समुद्रात नव्हती. दोन लाखांहून अधिक माणसं गेली. त्या किनाऱ्यांवर कुणालाही कुणी उगाच घाबरवलं नव्हतं.

माझ्या दृष्टीने सगळा वाद शेवटी एका फरकावर येऊन थांबतो, तो म्हणजे सापडलेला दगड आणि न सापडलेला दगड. सापडलेल्याला नाव मिळतं, टक्का मिळतो, बातमी मिळते. तो टक्का म्हणजे आपल्या माहितीतली उरलेली फट, आणि ती रोज बुजवता येते. न सापडलेल्याला टक्काच नसतो. 15 फेब्रुवारी 2013 ला ‘2012 डीए14’ सुमारे 27 हजार 700 किलोमीटरवरून जाणार हे वर्षभर आधी माहीत होतं, सगळ्या दुर्बिणी तिकडे लागल्या होत्या आणि तो सुखरूप निघून गेला. त्याच दिवशी सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सूर्याच्या बाजूने वीसेक मीटरचा दुसराच एक दगड आला आणि हवेत फुटला. खिडक्यांच्या काचांनी सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली. त्याच्याबद्दल कुणी एक ओळही लिहिलेली नव्हती. खुद्द वायआर4 सुद्धा पृथ्वीजवळून 25 डिसेंबरला गेला आणि सापडला त्यानंतर दोन दिवसांनी. आपण घाबरलो तो टक्का पाहून. टक्का नसलेले ते दोन दिवस कुणाच्या बोलण्यातही आले नाहीत.

सूर्याच्या दिशेने येणारे आणि काळपट असल्यामुळे साध्या दुर्बिणींतून निसटणारे दगड उष्णतेवरून ओळखता यावेत यासाठी ‘निओ सर्व्हेयर’ ही अवरक्त दुर्बीण 2027 मध्ये अवकाशात पाठवायचा बेत आहे. 140 मीटरहून मोठे पृथ्वीनिकट लघुग्रह 2020 पर्यंत नव्वद टक्के शोधायचे, असा कायदा अमेरिकी काँग्रेसने 2005 मध्येच केला होता. असे लघुग्रह सुमारे पंचवीस हजार असावेत असा अंदाज आहे. त्यांतले निम्मेही अजून सापडलेले नाहीत.