कोशिंबिरीतला झणका

चैत्र-वैशाखात स्वयंपाकाची आखणी दह्यापासून सुरू होते. रात्री लावलेलं विरजण सकाळी उघडून बघायचं, दही घट्ट लागलेलं पण अजून गोड असलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवायचं. हिवाळ्यात दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं तरी चालतं, आत्ता तेवढ्यात आंबटढाण होतं. दही आंबट निघालं तर त्याची कढी करावी. फळाची कोशिंबीर करायला ते कामाचं नाही; साखर कितीही घातली तरी फळाची चव वर येत नाही.

दही थंड, ही आपली घरगुती समजूत. आयुर्वेदाला ती मान्य नाही. त्याच्या हिशेबात दही उष्ण. चरकसंहितेत तर रात्री दही खाऊ नये, गरम करून खाऊ नये, तूप, साखर, मध, मुगाचं कढण, आवळा असं काही जोडीला असल्याशिवाय खाऊ नये, असं बजावलेलं आहे. केळं आणि दही ही जोडीही वैद्यांना पसंत नाही. आपल्या घरांनी हे सगळं आदराने ऐकलं आणि केळ्याची कोशिंबीर करायची ती केलीच.

तरी ती खाल्ल्यावर गार वाटतं हे खरं. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिखट लागल्यावर घटाघटा पाणी प्यायलं तरी जीभ जळतच राहते. दह्यातलं केसीन हे प्रथिन मात्र त्या कॅप्सायसिनला धरून जिभेवरून सोडवून नेतं. झणझणीत रश्श्याशेजारी दह्याची वाटी कुणी वाढली असेल ती शास्त्र वाचून नव्हे, पण कारण हे आहे.

एवढंच असतं तर नुसतं दही पुरलं असतं. हॉटेलांत फ्रूट रायता म्हणून जे येतं, डब्यातल्या फळांचे तुकडे, गोड दही, वर एक लाल चेरी, ते खाताना मला नेहमी वाटतं की जेवण संपायच्या आधीच कुणीतरी गोड वाढून मोकळं झालं. त्यात थंडावा असतो, पण तो जाणवत नाही. थंडावा जाणवायला शेजारी थोडा झणका लागतो, आणि आपल्या जुन्या कोशिंबिरीत तो फेसलेली मोहरी देते.

फोडणीतली मोहरी वेगळी. तेलात तडतडली की तिचा खमंगपणा उरतो, झणका जातो. तो झणका मोहरीच्या दाण्यात तयार नसतोच. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं एक विकर जागं होतं आणि नाकात चढणारं द्रव्य बनवतं; उष्णतेने ते विकर मरतं, आंबटाने मंदावतं. म्हणून मोहरी गार पाण्यातच फेसायची आणि दही मागाहून. खलात चमचाभर मोहरी, थोडं पाणी, किंचित मीठ. आधी दाणे बत्त्याखालून निसटत राहतात, मग पिवळसर, फेसाळ, दाट होऊ लागतं, आणि खलावर नाक नेलं की डोळ्यांत टचकन पाणी येतं. आता पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्यावं. मिक्सरमध्येही होते, पण एवढीशी मोहरी पात्याखाली सापडत नाही आणि भांडं धुण्याचा वैताग वेगळा.

मोहरीचा हा झणका नाकात चढतो आणि क्षणात ओसरतो. मिरचीसारखा जिभेवर ठाण मांडून बसत नाही. तो ओसरतो तिथेच दही गार लागतं आणि केळं गोड.

ही अक्कल एकट्या महाराष्ट्राची नाही. गोव्यात सारस्वतांच्या घरी पिकल्या आंब्याचं सासव होतं, त्यात दही नसतं, पण नारळाबरोबर वाटलेली मोहरी असते. केरळात ओणमच्या सद्येत, म्हणजे सणाच्या जेवणात, अननसाची पचडी असते, तिच्यातही नारळ, मोहरी आणि दही. तिथे अननस आधी शिजवून घेतात आणि ते बरोबरच आहे. कच्च्या अननसातलं ब्रोमेलिन दह्यातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळात सगळं कडू लागतं. पपईचंही तसंच. ताजा अननस घालायची हौस असेल तर साखरेत दोन वाफा काढून, पूर्ण गार करून मगच दह्यात घालावा.

केळ्याला असलं काही लागत नाही. पिकलेलं पण घट्ट केळं घ्यावं, सालीवर काळे ठिपके पडू लागले असतील तर त्याचं शिकरण करावं. चकत्या चिरून ताटलीत ठेवू नयेत, थेट दह्यात पडू द्याव्यात, म्हणजे काळ्या पडत नाहीत. डाळिंब असेल तर भगवा जातीचे दाणे, वरून पसरायला. साखर चिमूटभर, मिरची एखादी, तीही वाटलेली नको, मोडून घातलेली, मग कोथिंबीर. फेसलेली मोहरी अर्ध्या चमच्यापासून सुरू करावी आणि चाखत वाढवावी, कारण एकदा जास्त झाली की दही वाढवत बसावं लागतं आणि चौघांची कोशिंबीर आठ जणांची होते.

मीठ मात्र पानं घेतल्यावरच घालावं. आधी घातलं की फळाला पाणी सुटतं आणि कोशिंबीर ताटात भाजीपर्यंत वाहत जाते. उरलेली संध्याकाळी खाण्यात अर्थ नाही, मोहरी तोवर कडवट झालेली असते. माणशी अर्धं केळं धरावं.