दादाच्या कानांनी

सकाळी पावणेसहाला चहाचं आधण ठेवते आणि दादाला दिवसाचं गाणं पाठवते. एकच. एका दिवशी दोन पाठवायची नाहीत, हे सुरुवातीलाच ठरलं. गाणं साधारण १९६० ते १९७५ या काळातलं, रॉक नाहीतर सोल. दादानं कॉलेजात असताना कॅसेटवर घरात आणलेलं आणि आईनं 'काय हा आरडाओरडा' म्हणत का होईना, कधी बंद न केलेलं. गाण्याखाली माझ्या दोन ओळी. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकायचं आणि मगच उत्तर लिहायचं. तो कोल्हापुरात, मी ठाण्यात. चार वर्षं हा नेम चालू आहे.

आज ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे' पाठवायचं होतं, आणि बोट अडखळलं.

गेल्या वर्षी दादाच्या कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर एक रेघ होती. डावीकडून बरीचशी सपाट येते आणि उजव्या बाजूला घाट उतरावा तशी खाली जाते. खालचे सूर ऐकू येतात, वरचे हरवत चालले आहेत. फोनवर 'सात' म्हटलं तर तो 'आठ' ऐकतो. अंगणातल्या चिमण्या गेल्या असं तो मध्यंतरी म्हणत होता, चिमण्या आहेत. वहिनीनं ते त्याला सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून कुठलंही गाणं पाठवण्याआधी मी ते त्याच्या कानांनी ऐकून बघते. झांजेची किणकिण वजा करायची, तंतुवाद्यांचा वरचा थर वजा करायचा, मग काय उरतं? पहिले काही दिवस हे वजा करणं जिवावर यायचं. पण उरायचं ते इतकं भरघोस असायचं, की इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो, असं वाटायला लागलं. मी गाणाऱ्यांचे आवाज ऐकत होते. त्यांच्या पायाखालची जमीन ऐकलीच नव्हती.

ती जमीन म्हणजे बास गिटार. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत ती बहुतेक वेळा जेम्स जेमर्सनची असते. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक राहतं घर, त्यातच स्टुडिओ, दारावर 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' अशी पाटी. तिथे हा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटानं, तर्जनीनं वाजवायचा. त्या बोटाला सोबत्यांनी 'हुक' म्हणजे आकडा असं नाव दिलं होतं. तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे. जुन्या तारेतच गोडवा असतो असं त्याचं मत. टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' सुरू होतं तेव्हा पहिले काही क्षण एकटा त्याचा बास असतो, झोपलेल्या घरात कुणी हलक्या पावलानं यावं तसा. हे गाणं मी पाठवलं तेव्हा दादानं लिहिलं, "सगळं ऐकू आलं. सगळं." दुसऱ्या 'सगळं'वर मी बराच वेळ थांबले होते.

या जेमर्सनचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर कित्येक वर्षं छापलंच जात नव्हतं. मोटाउनमध्ये वादकांची नावं द्यायची पद्धत नव्हती. १९७१ मध्ये मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर वादकांची नावं आली आणि जेमर्सनच्या नावाआधी 'अतुलनीय' असं विशेषण लागलं. तोवर अमेरिकेतल्या घराघरांत त्याचं बोट पोचलेलं होतं, नाव नव्हतं. १९८३ मध्ये तो गेला.

डेट्रॉइटहून खाली दक्षिणेत आलं की मेम्फिस. मला जास्त माया आहे ती तिथल्या स्टॅक्सबद्दल. जिम स्ट्यूअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या भाऊबहिणींनी मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर भाड्यानं घेतलं आणि त्याचा स्टुडिओ केला. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून नाव ठेवलं, स्टॅक्स. थिएटरची जमीन पडद्याकडे उतरती होती. सपाट करायला पैसे नव्हते, ती तशीच राहिली, आणि त्या उतारानं तिथल्या आवाजाला एक वेगळा भारदस्तपणा दिला. पुढे कंपनी बुडाली, १९८९ मध्ये इमारतही पाडली. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभं केलं, तेव्हा स्टुडिओची जमीन मुद्दाम उतरती बांधली.

त्या थिएटरच्या खाऊच्या काउंटरच्या जागी एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान थाटलं होतं. आत नवं गाणं तयार झालं की त्याची चाचणी प्रत त्या दुकानात लावायच्या आणि गल्लीतली पोरं काय करतात ते बघायच्या. पोरांची पावलं हलली की गाणं जमलं. भाऊ यंत्रांपाशी, बहीण दुकानात पोरांच्या पायांकडे बघत. दादाला हे लिहिलं तेव्हा मला आमचंच काहीतरी लिहिल्यासारखं वाटलं होतं.

आणि हे सगळं होत होतं ते १९६० च्या दशकातल्या मेम्फिसमध्ये, जिथे गोरे आणि काळे वादक एका टेबलावर जेवायला बसू शकतील अशा जागा मोजक्या होत्या. स्टॅक्सच्या घरच्या वाद्यवृंदात, 'बुकर टी. अँड द एम.जी.'ज'मध्ये, दोघे काळे होते आणि दोघे गोरे. त्यांना एकत्र बसता यायचं ते लॉरेन मोटेलमध्ये. तिथल्या खोल्यांत गाणी लिहिली गेली. १९६८ च्या ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, ती त्याच मोटेलच्या सज्जात. हे मी दादाला एका सकाळी लिहिलं आणि त्या दिवशी गाणं पाठवलं नाही. नेम मोडला तो मोजक्या वेळांतला एक दिवस.

ओटिस रेडिंग स्टॅक्सच्या घरातला सगळ्यात लाडका. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाल्यांनी काय वाजवायचं ते तो तोंडानं गाऊन दाखवायचा. त्यामुळे त्याच्या गाण्यांत ती वाद्यं साथ करत नाहीत, जाब देतात. बुवांनी ओळ अर्ध्यावर सोडावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून धरावी, तसं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दादाला लागलं नव्हतं, तेव्हा त्याला इंग्रजी शब्द निम्मेही कळत नसत.

सगळीच गाणी इतक्या सहज पाठवता येत नाहीत. रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर' मी तीन वर्षं मागे ठेवलं होतं. १९६९ ची गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्रीच्या सुमाराला गायिका मेरी क्लेटनला घरी फोन आला, एका गाण्यात बाईचा आवाज हवा आहे. ती गरोदर होती, झोपायच्या तयारीत होती. केसांना रोलर तसेच, वर कोट चढवला आणि गेली. स्टुडिओत उभी राहिली आणि युद्ध, बलात्कार, खून यांबद्दलचे ते भयंकर शब्द असे काही म्हणाली, की वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. फाटला त्या जागी मागून कुणाचा तरी थक्क झाल्याचा उद्गार रेकॉर्डवर आजही ऐकू येतो. नीट कान दिला तर. त्यानंतर तिचा गर्भ गेला. तिला स्वतःला ते गाणं पुढे बराच काळ ऐकवत नव्हतं. मग मी ते रोजच्यासारखं चहाबरोबर पाठवावं का? शेवटी एका सकाळी पाठवलं, हे सगळं खाली लिहून.

दादाचं उत्तर रात्री आलं. "त्या पोरीचं पूर्ण नाव काय?" मी लिहिलं, आणि हेही लिहिलं की रेकॉर्डच्या वेष्टनावर ते चुकीचं छापलं होतं. आपल्या लिपीत दोन्ही 'मेरी'च दिसतात, पण ही नाताळच्या दिवशी जन्मलेली, आनंदी या अर्थाची मेरी. छापली गेली ती येशूच्या आईची. त्यानं इंग्रजी स्पेलिंग मागून घेतलं. आता त्याच्या वहीत ते नाव बरोबर लिहिलेलं आहे. तो प्रत्येक गाणं वहीत टिपून ठेवतो, हे मला तेव्हा कळलं.

बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन' मात्र मी दर पावसाळ्यात एकदा पाठवतेच. विमानातली शौचकुपं बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा, तिशी ओलांडलेला, लहानपणी तोतरा बोलणारा माणूस. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे. या गाण्याच्या मधल्या भागात 'ठाऊक आहे' अशा अर्थाचे दोनच शब्द तो सलग २६ वेळा म्हणतो. तिथे खरं तर नव्या ओळी लिहायच्या होत्या. गाणं बसवणारा बुकर टी. जोन्स आणि बाकीचे वादक म्हणाले, राहू दे तसंच. ते सगळे मुरलेले, हा नवखा, यानं ऐकलं. जे त्याला रिकामी जागा वाटत होतं, ते दुसऱ्यांच्या कानांना पूर्ण वाटलं होतं.

तर आजचं गाणं. १९६७ च्या उन्हाळ्यात ओटिस सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटोला एका हाउसबोटीवर राहिला होता, तिथे ते सुचलं. त्या शरदात त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे गाणं बंद. आवाज परतला तो थोडा मऊ होऊन. मेम्फिसला येऊन त्यानं गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरबरोबर गाणं पुरं केलं. शेवटी शब्द नव्हते, म्हणून नुसती शीळ घातली, अशी हकीगत सांगतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम उरकलं, आणि १० डिसेंबरला विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तळ्यात त्याचं विमान कोसळलं. वय २६. त्याच्याबरोबर होती ती बार-केज या बँडमधली पोरंही गेली, विमानातला एकटा ट्रम्पेटवादक बेन कॉली वाचला. क्रॉपरनं मित्राच्या दुःखातच गाण्यावर शेवटचा हात फिरवला. लाटांचा आवाज घातला, समुद्रपक्षी घातले. शीळ ठेवली.

पक्षी दादाला ऐकू येणार नाहीत, हे मला माहीत होतं. लाटाही कदाचित नाहीत. शीळ कुठल्या उंचीवर आहे, याचा मी दोनदा ऐकून अंदाज घेतला. चहा उतू जाऊन गॅस विझला. मग खाली दोन ओळींऐवजी चार लिहिल्या: सुरुवातीला लाटा आहेत, मधूनमधून पक्षी ओरडतात, डक डनचा बास तुला पोचेल, शेवटी शीळ आहे. आणि पाठवून दिलं.

सव्वासहाला उत्तर आलं. "लाटा थोड्या. पक्षी नाहीत. पण तू लिहिलं होतंस, म्हणून कुठे असतील ते कळलं."

त्याच्या मागोमाग आवाजाचा एक तुकडा आला, नऊ सेकंदांचा. दादानं ती शीळ स्वतः घालून पाठवली होती. पहिले सूर नेमके, शेवटचे दोन जरा उतरलेले. कॉलेजातून परतताना तो गल्लीच्या तोंडाशी अशीच शीळ घालायचा आणि मी दार उघडायला धावायचे. तुकड्यात त्याच्यामागे अंगणातल्या चिमण्या ओरडत होत्या. पुष्कळ होत्या.