श्रमनिद्रा
माझ्या लेकीच्या फिट थांबाव्यात म्हणून सासूबाई नवस बोलल्या: कोजागरीला नळदुर्गहून तुळजापूरला रात्रभर चालत. चालायचं लेकीनं. जागरणानंच फिट ओढवते. मग तुळजापूरच्या आईला दिलेला शब्द पाळायचा, की आईनंच दिलेला देह?

देह स्वतःला जपतोच: रक्तातलं नको ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. १८८५ मध्ये शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी प्राण्यांना टोचलेला रंग इतर अवयवांत उतरला, मेंदूत जवळजवळ नाहीच. फिट लांबली की हे सांधे सैल होतात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन आत झिरपतं आणि पुढच्या फिटला वाट करून देतं. पेशींचा हा पडदा जपायचा तर गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, आणि फिट पाच मिनिटांवर गेली तर नाकात मिडाझोलॅमचा स्प्रे. तो माझ्या पर्समध्ये कायम असतो.

सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, महिषासुराशी लढून दमलेली आई दसऱ्यापासून पुनवेपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते. मग हिनंच का जागायचं?" देवीला थकवा येतो असं मानणारी आपली भक्ती, ती लेकराच्या थकव्याकडे पाठ फिरवायला सांगेल, हे मला पटत नाही. सासूबाईंनाही पटलं असावं. लेक रात्रभर झोपून सकाळी एसटीनं येईल. नवसाचं चालणं माझं.