सोपवलेली ठेव आणि अकरावीचा फॉर्म



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते: सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स? 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. फॉर्ममध्ये दहा पसंतीक्रम भरता येतात; मुलाची स्वतःची पसंती मात्र पुष्कळदा विचारलीच जात नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टान्त (25:14-30) आपण जाणतो. धनी परदेशी जाताना आपली ठेव तीन दासांवर सोपवतो. एकाला पाच भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ज्याची जशी कुवत तसे. परत आल्यावर पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला तो सारखीच शाबासकी देतो. 'तुझे दहा का झाले नाहीत?' असे तो दुसऱ्याला विचारत नाही. आपण मात्र शेजारच्या मुलाचे टक्के समोर ठेवून नेमके हेच विचारतो.

तिसऱ्या दासाने ठेव उधळली नाही. भीतीपोटी पुरून ठेवली. आपणही अनेकदा भीतीपोटीच शाखा निवडतो. 'इतके मार्क असून आर्ट्‌स? लोक काय म्हणतील?' 'सायन्स घे, मागाहून बदलता येते.' सायन्समधून पुढे कायद्याकडे वळता येते आणि आर्ट्‌समधून इंजिनिअरिंगला जाता येत नाही, हे खरे. परंतु ज्याचे मन भाषेत आणि इतिहासात रमते, त्याची दोन वर्षे नावडत्या क्लासमध्ये घालवणे म्हणजे ठेव पुरणेच होय. गणिताची आवड असलेल्या मुलीला 'तुला कॉमर्स पुरे' म्हणणे हेही तेच. हातात कसब असलेल्यांसाठी आयटीआय आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. ही वाट कमी प्रतीची नव्हे. प्रभू येशूने स्वतः सुतारकाम केले.

संत थॉमस अक्वायनस यांना मोंते कासिनो मठाचे मठाधिपती करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. ते डॉमिनिकन संघात गेले, तेव्हा 1244 साली भावांनीच त्यांना पकडून आणले आणि सुमारे वर्षभर घरी कोंडून ठेवले. घरच्यांना त्यांचे भलेच हवे होते. पण देवाचे बोलावणे वेगळे होते. पुढे ते ख्रिस्तसभेचे थोर आचार्य झाले. 1880 साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना कॅथोलिक शाळा व विद्यापीठांचे आश्रयदाते संत घोषित केले.

आई-वडिलांनो, फी, प्रवास, घरची परिस्थिती हे सर्व मुलांना मोकळेपणाने सांगा. पण आधी त्यांचे ऐकून घ्या. मुलांनो, मित्र गेला म्हणून त्याच्या मागे जाऊ नका. कोणता विषय कुणी न सांगताही उघडून बसावासा वाटतो, ते स्वतःला विचारा. आणि निवडलात की कष्टात कसूर करू नका. फॉर्म भरण्याआधी एका संध्याकाळी घरच्या रोझरीनंतर या विषयावर सर्वांनी मिळून बोलू या.

मूल आपल्याला मिळालेले आहे, आपल्या मालकीचे नाही. धनी परत येईल तेव्हा त्या ठेवीचा हिशेब आपल्यालाही द्यायचा आहे.

तुमचे धर्मगुरू